रंग सगळ्यात शेवटी!

जुनी अमेरिकन मसल कार, खिशात मोजके डॉलर आणि डोक्यात मोठ्ठं स्वप्न. डेट्रॉइटच्या एका गॅरेजमध्ये मांडलेला हा हिशेब... आणि असाच हिशेब मांडून सावरलेल्या एका अख्ख्या शहराची सफर.

अमेरिकेत जाऊन लोक काय बघतात? न्यूयॉर्क, नायगारा, वेगास... फार तर डिस्नेलँड. डेट्रॉइटला कुणी ‘फिरायला’ जात नाही. तिथे आपली मंडळी जातात ती प्रोजेक्टवर. पुण्यातल्या ऑटो कंपन्यांमधल्या इंजिनीअर्सना विचारा, ट्रॉय, नोव्ही, फार्मिंग्टन हिल्स ही नावं त्यांना कोथरूड-बाणेरइतकी पाठ असतात. ऑफिस, हॉटेल, इंडियन ग्रोसरीचं दुकान, परत ऑफिस. संपली ट्रिप!

पण या शहरात एक रस्ता आहे बॉस, ज्याच्यासाठी मुद्दाम जावं. वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यू! नदीकाठच्या डाउनटाउनमधून निघतो आणि थेट पॉन्टियॅक गावापर्यंत जातो. १९०९ साली याच रस्त्यावर, सिक्स माइल आणि सेव्हन माइल रोडच्या मधे, एक मैल काँक्रीट टाकलं गेलं. काँक्रीटच्या हायवेचा पहिला मैल म्हणून तो तुकडा आजही ओळखला जातो.

साठच्या दशकात शनिवारची रात्र म्हणजे वुडवर्ड. सिग्नलला दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या, एकमेकांकडे बघून इंजिन गुरगुरवायचं आणि ग्रीन लागला की सुसाट! त्यात नुसती टवाळ पोरं नसायची. मोटार कंपन्यांचे इंजिनीअरही नव्या गाड्या घेऊन हळूच इथे यायचे. पॉन्टियॅकने १९६४ मॉडेलसाठी मध्यम आकाराच्या टेम्पेस्टमध्ये ३८९ घनइंचांचं, म्हणजे जवळपास ६.४ लिटरचं इंजिन बसवलं आणि जीटीओ बाजारात आणली. मोठ्या गाडीचं इंजिन, त्याहून लहान गाडीचं अंग आणि नोकरीला नुकत्याच लागलेल्या पोराला झेपेल अशी किंमत. मसल कारचा फंडा एवढाच!

मग विम्याचे हप्ते वाढले, प्रदूषणाचे नियम आले, १९७३च्या तेलटंचाईने उरलीसुरली हवा काढली. पॉन्टियॅक हा ब्रँडही २०१०मध्ये इतिहासजमा झाला. पण वुडवर्ड विसरला नाही. १९९५मध्ये फर्नडेलच्या एका प्लंबरने पोरांच्या फुटबॉल मैदानासाठी निधी गोळा करायचा म्हणून जुन्या गाड्यांची फेरी काढायची कल्पना मांडली. आयोजकांच्या सांगण्यानुसार त्या पहिल्याच फेरीला अडीच लाख माणसं लोटली! हीच ती ‘वुडवर्ड ड्रीम क्रूझ’. ऑगस्टचा तिसरा शनिवार, फर्नडेल ते पॉन्टियॅक, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घडीच्या खुर्च्या टाकून बसलेली घरंच्या घरं. आपल्याकडे गणपतीची मिरवणूक बघायला बसतात ना, तश्शी!

बारा हजार, एक सेंट जास्त नाही

मी २०२५च्या ऑगस्टमध्ये तिथे पोचले ती मावसभावामुळे. दादा रॉयल ओकमध्ये राहतो, वुडवर्डपासून चालत दहा मिनिटांवर. पंधरा वर्षं मोटारींचं सॉफ्टवेअर लिहितोय. ब्रेक कसा लागला पाहिजे हे तो कॉम्प्युटरला शिकवतो, पण स्वतःच्या हाताने ब्रेक लायनर कधी बदललेला नाही. आणि या गृहस्थाच्या गॅरेजमध्ये आता उभी होती १९६७ची फोर्ड मस्टँग. हार्डटॉप, रंग लाइम गोल्ड... म्हणजे कधीकाळी असावा. आता तो सुकलेल्या आवळ्यासारखा दिसत होता.

गाडी शेजारच्या आजींची. वय ८६. त्यांचे यजमान डिअरबॉर्नच्या फोर्ड कारखान्यात आयुष्यभर राबले. १९६७मध्ये नवी कोरी घेतलेली ही गाडी ते गेल्यापासून नुसती उभी होती. आजींनी ती दादाला तीन हजार डॉलरला दिली. अट एकच. ‘पुढच्या उन्हाळ्यात मला वुडवर्डवर एक चक्कर मारून आण. मागच्या सीटवर नाही, पुढे.’

वहिनीचीही अट होती. दुरुस्तीला बारा हजार डॉलर, एक सेंट जास्त नाही. दोन वर्षांनी पुतणीचं कॉलेज आहे. गॅरेजच्या पांढऱ्या बोर्डावर वहिनीने लाल मार्करने तो आकडा लिहून ठेवला होता आणि मार्कर घरात नेला होता!

दादाच्या डोक्यातलं चित्र काय, तर कॅण्डीअ‍ॅपल रेड रंग, मधून दोन पांढरे पट्टे, आरशासारखी चमक. ‘आधी रंग काढतो,’ तो म्हणाला, ‘म्हणजे उत्साह येईल.’

‘आधी कुंडली काढू,’ मी म्हटलं.

गाडीची कुंडली

मस्टँगच्या नंबरात तिची अख्खी जन्मपत्रिका असते. या गाडीचा नंबर सुरू होत होता ‘७-एफ-०१-सी’ असा. सात म्हणजे १९६७. एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना. ०१ म्हणजे हार्डटॉप. सी म्हणजे २८९ घनइंचांचं व्ही-एट इंजिन, दोन नळीच्या कार्ब्युरेटरचं, २०० हॉर्सपॉवर. (मस्टँगला मसल कार म्हटलं की कट्टर मंडळी भांडायला येतात. त्यांच्या मते ही ‘पोनी कार’. वाद त्यांना लखलाभ!)

बॉनेट उघडलं तर पहिला धक्का. आतलं इंजिन होतं ३०२ घनइंचांचं. बाहेरून जुळा भाऊ, पण हे इंजिन आलं १९६८ मॉडेलपासून. म्हणजे मूळ इंजिन कधीतरी बदललेलं. संग्राहकांच्या बाजारात ‘नंबर जुळणारी’ गाडी आणि न जुळणारी गाडी यांच्या भावात भरपूर फरक पडतो.

दुसरी परीक्षा पाण्याची. या मस्टँगच्या दर्शनी काचेपुढे हवेसाठी जाळी असते. तिच्या खालचा दुहेरी पत्रा आतून गंजतो आणि वरून पत्ता लागत नाही. आम्ही होस पाइपने जाळीत पाणी सोडलं. पुतणी ड्रायव्हरच्या पायांपाशी टॉर्च धरून बसली होती. अर्ध्या मिनिटात आतून ओरडली, ‘बाबा, पाऊस!’

तिसरी परीक्षा लोहचुंबकाची. रुमालात गुंडाळलेलं चुंबक पत्र्यावरून फिरवायचं. चिकटलं तर पत्रा, घसरलं तर आपले डेंटिंगवाले जिला लांबी म्हणतात ती पुट्टी. मागच्या चाकांवरचे दोन्ही गाल लांबीचेच निघाले.

हा गंज येतो कुठून? इथल्या हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ पसरतात. आणि गंमत बघा, डेट्रॉइट शहराच्या पोटातच, सुमारे १२०० फूट खोल, मिठाची प्रचंड खाण आहे. ज्या शहराने अमेरिकेला गाड्या दिल्या, त्याच्याच पायाखाली त्या गाड्यांचा काळ!

दादाने तीन ठिकाणी भाव विचारला. गाडी संपूर्ण सुटी करून, फॅक्टरीतून निघाली होती तशी करून द्यायचे पासष्ट हजार डॉलर. तासाची मजुरीच शंभर डॉलरच्या पुढे. आणि अशीच, कुणीतरी आधीच तयार केलेली मस्टँग याच्या निम्म्याहून कमी पैशांत विकत मिळत होती. हे गणित प्रत्येक जुन्या गाडीचं असतं. तयार गाडी नेहमीच स्वस्त पडते, कारण आधीच्या मालकाचा तोटा तुम्हाला फुकट मिळतो!

‘मग ही विकून टाक ना,’ वहिनी म्हणाली. मुद्दा चुकीचा नव्हता. दादा गप्प झाला. आणि गप्प बसून राहण्यापेक्षा आम्ही तिघंही शहर बघायला बाहेर पडलो.

पहिला रस्ता : जशी होती तशी

डिअरबॉर्नचं हेन्री फोर्ड म्युझियम एका दिवसात बघून होत नाही. आम्ही शोधत होतो ती पहिल्या नंबरची मस्टँग. ही कन्व्हर्टिबल खरं तर विकायचीच नव्हती. पण १९६४मध्ये ती कॅनडातल्या एका डीलरकडे पोचली आणि तिथल्या एका वैमानिकाने घेऊनही टाकली. ती परत मिळवायला कंपनीने त्याला नवी मस्टँग देऊ केली!

जुनी गाडी दुरुस्त करायचा हा पहिला रस्ता. प्रत्येक बोल्ट मूळ मापाचा, प्रत्येक स्टिकर मूळ जागी. म्युझियमला आणि स्पर्धेत उतरणाऱ्यांना तो शोभतो. पण ज्या गाडीचं इंजिनच मूळ नाही, तिच्या नटबोल्टच्या अस्सलपणासाठी पन्नास-साठ हजार घालायचे कशाला? दादाने मनातल्या मनात एक रस्ता खोडला. शिवाय असं काम वर्षानुवर्षं चालतं. ८६ वर्षांच्या माणसाला पाच वर्षांचा वायदा कोण करणार? बजेट फक्त डॉलरचं नसतं, कॅलेंडरचंही असतं.

दुसरा रस्ता : बाहेरून जुनी, आतून नवी

मिशिगन सेंट्रल स्टेशन १९१३मध्ये सुरू झालं आणि जानेवारी १९८८मध्ये तिथून शेवटची गाडी सुटली. मग तीस वर्षं काचा फुटलेल्या, तांबं चोरीला गेलेलं, छतातून पाणी. डेट्रॉइटच्या पडझडीवर लेख आला की फोटो याच इमारतीचा. २०१८मध्ये फोर्डने ती घेतली आणि जून २०२४मध्ये ती पुन्हा उघडली. जुन्या दगडाशी दगड जुळावा म्हणून इंडियानातली बंद पडलेली खाण परत सुरू केली गेली. बाहेरून १९१३, आत मात्र नवी ऑफिसं. रेल्वे आजही तिथे येत नाही.

गाड्यांच्या भाषेत हे ‘रेस्टोमॉड’. जुनं अंग, आत नवं इंजिन, नवा गिअरबॉक्स, एसी, डिस्क ब्रेक. रोज चालवायला झकास! पण स्वस्त नाही. आणि त्यासाठी एकदा पत्रा कापला, की परतीची वाट बंद.

स्टेशनची मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. २०१८मध्ये फोर्डने इमारत घेतल्याची बातमी आली आणि कुणीतरी निनावी फोन करून सांगितलं, स्टेशनचं जुनं घड्याळ अमुक ठिकाणी ठेवलंय, घेऊन जा. वर्षांपूर्वी चोरीला गेलेलं ते घड्याळ खरंच तिथे होतं! इमारत वाचतेय म्हटल्यावर चोरालाही वाटलं, घड्याळ आपल्या घरी परत जावं.

तिसरा रस्ता : आहे तशी, पण चालती

पिकेट अ‍ॅव्हेन्यूवरची तीन मजली विटांची इमारत फोर्डने १९०४मध्ये बांधली. हिच्याच तिसऱ्या मजल्यावरच्या एका बंद खोलीत मॉडेल टीचा आराखडा तयार झाला आणि १९०८मध्ये पहिल्या मॉडेल टी इथूनच बाहेर पडल्या. आता तिथे म्युझियम आहे. पण त्याची मजा अशी, की इमारत चकाचक केलेली नाही. जुनी लाकडी जमीन पायाखाली वाजते. छप्पर गळत नाही, जिना हलत नाही, बाकी वय लपवलेलं नाही.

दादा तिथे बराच वेळ जमिनीकडे बघत उभा होता. म्हणाला, ‘टेकू दिलाय, मेकअप नाही केला.’ अगदी बरोब्बर!

गाड्यांमध्ये या रस्त्याला ग्लॅमर नाही. जे जिवावर बेतेल ते आधी दुरुस्त, जिथून पाणी शिरतं ते दुसरं, जे चालतंय त्याला हात नाही आणि दिसण्याचं सगळ्यात शेवटी. पण खिसा लहान असेल, तर हाच रस्ता पूर्ण होतो. मोठ्या उत्साहाने सुट्या केलेल्या आणि पैसे संपल्यावर खोक्यांमध्येच विकलेल्या गाड्या अमेरिकेत ढिगाने मिळतात.

मग वाचवायचं काय?

शेवटचा थांबा पुन्हा वुडवर्डवरच. डेट्रॉइट इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्स. इथल्या मोठ्या दालनात डिएगो रिव्हेराने १९३२-३३मध्ये रंगवलेली २७ भित्तिचित्रं आहेत. विषय कारखाना! डिअरबॉर्नच्या त्याच रूज कारखान्यातली यंत्रं, भट्ट्या, घामेजलेली माणसं. आजींचे यजमान याच रूजच्या आवारात मस्टँग जोडायचे.

जुलै २०१३मध्ये डेट्रॉइटने दिवाळखोरी जाहीर केली. देणी सुमारे १८ अब्ज डॉलरची. देणेकऱ्यांची नजर या म्युझियमवर गेली. व्हॅन गॉग विका, ब्रूगल विका, पैसे वळवा! दुसरीकडे पालिकेच्या निवृत्त कर्मचाऱ्यांचं पेन्शन टांगणीला लागलेलं. शेवटी काही मोठ्या संस्था, राज्य सरकार आणि देणगीदारांनी मिळून ८० कोटी डॉलरहून जास्त रक्कम उभी केली. ती पेन्शनकडे वळली आणि म्युझियम शहराच्या मालकीतून वेगळं, सुरक्षित झालं. पेन्शनमध्ये कपात झालीच, पण होणार होती त्याहून कमी. डिसेंबर २०१४मध्ये शहर दिवाळखोरीतून बाहेर आलं.

सगळंच वाचलं असं नाही. पॅकार्डचा अवाढव्य कारखाना १९५०च्या दशकात बंद पडला होता. २०२२मध्ये तो पाडायला सुरुवात झाली. हातात पैसा नसताना शहराने जे केलं ते सोपं होतं का? नाही. पण प्रश्न सोपा होता. पुन्हा विकत मिळणार नाही असं आपल्याकडे काय आहे?

परत येताना गाडीत दादाने तोच प्रश्न मस्टँगला लावला. रंग विकत मिळतो. पत्रा मिळतो. १९६७च्या मस्टँगची तर अख्खी नवी बॉडी बनवून मिळते! इंजिन, सीट, दिवे, सगळं कॅटलॉगमध्ये. मग न मिळणारं काय? मागच्या काचेवर चिकटलेला, अर्धा उडालेला कामगार युनियनचा स्टिकर, लोकल ६००, रूज कारखान्याची शाखा. ग्लव्ह बॉक्समधली वही, तीत पेट्रोल आणि ऑइलच्या नोंदी बॉलपेनने. दारावर कोपराशी घासून उडालेला रंग. वर्षानुवर्षांचा एका माणसाचा कोपर! कॅण्डीअ‍ॅपल रेड मारला, की बारा हजारांतला मोठा वाटा देऊन आपण नेमकं तेच पुसणार होतो.

‘म्हणजे लाल नाही,’ दादा म्हणाला. आवाज थोडा पडलेला होता. कॉलेजपासूनचं स्वप्न होतं ते. वहिनीने पहिल्यांदाच विचारलं, ‘ब्रेकला किती येतील?’

बोर्डावरचा हिशेब

त्या रात्री मार्कर घरातून बाहेर आला. दर्शनी काचेखालचा पत्रा आणि पायांखालची जमीन कापून नव्याने वेल्ड करणं, ४५०० डॉलर. हे बाहेरच्या वेल्डरकडे, यात हौशी प्रयोग नकोत. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, मागचे ड्रम नवे, १३००. १९६७पासून ब्रेकचे दोन वेगळे सर्किट आले, त्यामुळे तो खर्च वाचला. स्टीअरिंग आणि सस्पेन्शन १२००. वायरिंग ८००, कारण जुनी वायर म्हणजे चालती काडेपेटी. टायर ६००. रेडिएटर, पाइप आणि कार्ब्युरेटरची सफाई ६००. पेट्रोलची टाकी ५००. या गाडीत टाकीचा वरचा पत्रा हीच डिकीची जमीन असते, तिथे तडजोड नाही. खांद्यावरून येणारे सीटबेल्ट ४००.

बेरीज ९९००. उरलेले २१०० कशाला? कशालाच नाही! त्यांच्यापुढे वहिनीने लिहिलं, ‘गंज’. पत्रा उघडल्यावर आणखी गंज निघतोच, निघाला नाही असं होत नाही. रंगाच्या रकान्यात शून्य. लांबीचे दोन गाल सध्या लांबीचेच राहणार.

दुसऱ्या दिवशी दादाने आजींना जाऊन सांगितलं, की रंग असाच राहणार आहे. त्यांना वाईट वाटेल असं त्याला वाटत होतं. त्या म्हणाल्या, ‘बरं झालं. नाहीतर मी ओळखली नसती.’

गाडी आता वेल्डरकडे आहे. काचेखालचा पत्रा उघडल्यावर अपेक्षेप्रमाणे आणखी गंज निघाला आणि २१००मधले ७०० गेले. वहीची नवी पानं दादा लिहितोय. पहिली नोंद पुतणीच्या अक्षरात आहे : ‘पाऊस बंद.’

जायचंय?

* कधी : ड्रीम क्रूझ ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी. मिशिगनमध्ये २५ वर्षांहून जुन्या गाड्यांना खास ‘हिस्टॉरिक’ नंबरप्लेट मिळते. एरवी त्या फक्त मेळावे-मिरवणुकांपुरत्या बाहेर काढायच्या, पण ऑगस्टमध्ये हव्या तशा फिरवा! त्यामुळे महिनाभर रस्त्यावर मेजवानी.
* कुठे बसायचं : रॉयल ओक किंवा बर्मिंगहॅममध्ये वुडवर्डच्या कडेला. सकाळी लवकर, घडीची खुर्ची आणि टोपी मस्ट.
* काय खायचं : चौकोनी डेट्रॉइट पिझ्झा. तो सुरुवातीला मोटार कारखान्यांत सुटे भाग ठेवायच्या पोलादी ट्रेमध्ये भाजला गेला, असं सांगतात. कडेचं करपलेलं चीज सोडू नका, भांडण त्याच्यासाठीच असतं.
* आणि घरी जुनी गाडी पडली असेल तर : आजोबांची स्कूटर असो की काकांची फियाट, स्पॅनर उचलायच्या आधी कागद घ्या. एका बाजूला लिहा, यातलं काय विकत मिळतं. दुसऱ्या बाजूला, काय मिळत नाही. मग ब्रेक, मग गंज. रंगाचं दुकान कुठे पळून जात नाही!